मुलीला इतिहास शिकायचाय, मी म्हणतो नोकरीचं बघ. कॉलेज नक्की कशासाठी असतं?

सड्यावरचा_बागायतदार

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतो, लिहायला पहिल्यांदाच बसलोय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही राजापूर तालुक्यातले. हापूसची साठेक कलमं, थोडी काजू, पावसाळ्यात घरापुरतं भात. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली, ८१ टक्के. कोकण बोर्डाचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला असतो त्यामुळे इथे ८१ चं काय कौतुक असं म्हणणारेही भेटले, पण आमच्या घरात आजपर्यंत एवढे मार्क कोणाला पडलेले नाहीत. मी धरून चाललो होतो की बी.फार्म नाहीतर नर्सिंग. परवा रात्री जेवताना म्हणाली बाबा मला बी.ए. करायचंय, इतिहासात. मी हातातला घास ताटात ठेवला. तिची आई तर उठूनच गेली.

आता माझी अडचण नीट सांगतो, कारण मी काही शिक्षणाच्या विरोधातला माणूस नाही. मोठ्या मुलाला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला घातला होता. प्रायव्हेट कॉलेज, नाव घेत नाही. ॲडमिशनच्या वेळी सगळ्या पालकांना हॉलमध्ये बसवून पडद्यावर प्लेसमेंटचे आकडे दाखवले, कोट घातलेल्या पोरांचे फोटो, खाली पॅकेज. साडेचार लाख कर्ज काढलं. शेवटच्या वर्षाला तीन कंपन्या आल्या, त्यातल्या दोन सेल्सच्या. आज पोरगा चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहे, १९ हजार हातात, त्यातले सात खोलीला जातात. गणपतीला आला तेव्हा मी विचारलं अरे चार वर्षं काय शिकवलं तुम्हाला, तर म्हणाला बाबा लेथ मशीन होतं पण वर्षभर बंदच होतं, आम्ही जर्नल उतरवून काढली. म्हणजे बघा, नोकरीसाठी म्हणून शिकवलं तर नोकरी धड नाही आणि शिक्षण म्हणावं तर तेही झालं नाही.

हे एकदा भोगल्यावर आता मुलीच्या बाबतीत मला धोका पत्करायचा नाहीये. हमखास काहीतरी हातात पाहिजे. पैशाची सोय पण झालीय, घरामागचा सड्याचा, म्हणजे उघड्या कातळाच्या माळाचा, एक तुकडा चिरेखाणवाला, जांभ्याचे चिरे काढणारा, दोन वर्षं मागतोय, त्याला दिला की बी.फार्मची फी होस्टेलसकट निघते. आणि ती म्हणते तो पैसाच नको, मला रत्नागिरीला बी.ए. ला घाला, फी नावाला असते.

मी तिला विचारलं इतिहास शिकून काय करणार, तर म्हणाली "बाबा, कॉलेज काय फक्त नोकरीसाठी असतं का?" मला उत्तर देता आलं नाही म्हणून इथे विचारतोय. जाणकारांनी मनापासून सांगा.

पांढरा_ॲप्रन

भाऊ, मी दापोली तालुक्यातली, आंजर्ल्याच्या बाजूची. मुंबईत सरकारी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, सतरा वर्षं झाली. मला बारावीनंतर मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. खूप वाचायचे, शाळेच्या लायब्ररीतलं एकही पुस्तक सोडलं नव्हतं. वडील खलाशी, आम्ही तिघी बहिणी. मामाने जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाचा, फॉर्म आणून दिला आणि सांगितलं तीन वर्षांत पगार सुरू. रडत रडत गेले.

आज मला त्याचं वाईट वाटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी कोविड वॉर्डमध्ये होते, फोन लागत नव्हता, दोन दिवसांनी कळलं की घराची सगळी कौलं आणि पडवीचे पत्रे उडून गेले, परसातल्या माडापोफळींतलं एक झाड उभं राहिलं नाही. भावकीत कोणाकडे हात पसरायला लागला नाही. माझ्या पगारातून महिन्याभरात छप्पर झालं. दोन्ही बहिणींची लग्नं मी लावून दिली. माझं लग्न कधी आणि कोणाशी ते मी ठरवलं, माझ्या घरात कोणी मला विचारल्याशिवाय ठरवत नाही, आणि हे सगळं हातात स्वतःचे पैसे आहेत म्हणून आहे.

पुस्तकं मी आजही वाचते, नाईट ड्युटीच्या आधी दुपारी. त्यासाठी कॉलेजला तीन वर्षं बसावं लागत नाही. मुलीला सांगा आधी पायावर उभी राहा, इतिहास कुठे पळून जात नाही.

आणि फीचं म्हणाल तर मुलींसाठी २०२४ पासून सरकारने व्यावसायिक कोर्सला ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे, ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी या गटातल्या मुलींना, आणि ॲडमिशन कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेली पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला नाही. तुम्ही बसत असाल तर सडा विकायची किंवा भाड्याने द्यायची काही गरज नाही. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रिमिलेयर आत्ताच काढून ठेवा, तहसीलला जूनमध्ये ही गर्दी असते.

लोटे_क्यूसी

ताईंचं फी माफीचं बरोबर आहे, ते आधी करा. पण "त्यासाठी कॉलेजला बसावं लागत नाही" हे मला पटलं नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

मी लोटे परशुराम एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला आहे, औषधांचा कच्चा माल बनतो तिथे. बारा वर्षांत शंभरेक पोरापोरींचे इंटरव्ह्यू घेतले असतील. हल्ली बरीच मुलं सहा महिन्यांचा "इन्स्ट्रुमेंट हँडलिंग"चा कोर्स करून येतात, सर्टिफिकेट असतं, मशीनचं बटण कुठलं ते बरोबर माहीत असतं. मी एकच विचारतो, बफर म्हणजे काय (आम्लता एका पातळीवर धरून ठेवणारं द्रावण, एवढंच उत्तर). अर्धे गप्प होतात.

आमच्याकडे एका मालाची टेस्ट एचपीएलसीवर चालायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या मशीनमध्ये एका नळीतून, तिला कॉलम म्हणतात, सॅम्पल ढकलायचं आणि कुठला घटक किती मिनिटांनी बाहेर पडतो ते बघायचं. आमचा घटक सोमवारी सात मिनिटांनी बाहेर यायचा, बुधवारी आठ, शुक्रवारी पुन्हा सात. एसओपी, म्हणजे ठरवून दिलेली कामाची पद्धत, अक्षरशः तंतोतंत पाळलेली. आम्ही कॉलम बदलला, मग दुसरा बदलला, एक कॉलम म्हणजे हजारोंचा खर्च. इंजिनिअर बोलावला, पंप तपासला. तीन आठवडे नुसती पळापळ. तेव्हा आमच्याकडे एक नवी मुलगी लागली होती, चिपळूणच्या बाजूची, साधी बी.एस्सी., इंग्लिश बोलताना अडखळायची. तिने हळूच विचारलं, सर याचा पीकेए किती आहे? पीकेए म्हणजे ज्या पीएचला, आम्लतेच्या आकड्याला, पदार्थाचे निम्मे रेणू भारित असतात तो आकडा. तो काढून बघितला तर आमच्या बफरच्या पीएचला जवळजवळ चिकटून. म्हणजे त्या पीएचला निम्मे रेणू भारित आणि निम्मे बिनभाराचे, त्यामुळे पीएच एका दशांशाने जरी इकडे तिकडे झाला तरी घटक कॉलममध्ये थांबायचा वेळ बदलणारच. आणि आमचा पीएच मीटर तेवढा हलत होता. पीएच दीड आकड्याने खाली नेला आणि आलेखावरचा त्या घटकाचा पीक जागेवर बसला तो आजपर्यंत हललेला नाही. पुन्हा व्हॅलिडेशन, म्हणजे बदललेली पद्धत बरोबर चालते हे सिद्ध करणं, आणि कागदपत्रं यात तीन महिने गेले ते वेगळं.

मी तिला विचारलं तुला हे कोणी शिकवलं, तर म्हणाली दुसऱ्या वर्षाला आमच्या सरांनी पीएच आणि पीकेए जोडणारं हेंडरसन-हॅसलबाल्कचं समीकरण फळ्यावर चार वेळा सोडवून घेतलं होतं, परीक्षेला येणार नाही म्हणाले होते, तरी घेतलं. आज ती सेक्शन हेड आहे.

हे "परीक्षेला येणार नाही तरी घेतलं" याला मी शिक्षण म्हणतो. आणि तेच तिचं करिअर झालं. सहा महिन्यांच्या कोर्सवाल्यांना पहिली नोकरी लवकर लागते हे मी नाकारत नाही, पण मशीन बदललं की ते पुन्हा शून्यावर येतात. तेव्हा मुलगी बी.फार्म करते की बी.ए. यापेक्षा तिथे कोण शिकवतंय आणि कसं, हे बघा. तुमच्या मुलाच्या कॉलेजातलं लेथ बंद होतं, तिथे नोकरी आणि शिक्षण दोन्ही बुडणारच होतं.

दर्यावयलो

माका एक सांगा, चेडवाक कोणी इचारल्यान काय? सगळे बापाशीक सल्ले देतास.

आमी मालवणचे, स्वताचो ट्रॉलर. माझ्या झिलाक मी आयटीआयक घातलंय, डिझेल मेकॅनिक, कारण समुद्रात इंजिन बिघडला की माणूस गावणा नाय. लोकांनी नावा ठेवली, पोरगो हुशार आसा आनि आयटीआयक घातलास म्हणान. आता बंदी आसा, १ जून ते ३१ जुलै, सगळे ट्रॉलर वर काढलेले, तर ह्या दोन म्हयन्यात त्येका जेवाक वेळ नाय एवढी कामा. पण रात्री बसान मोबायलार इंजिनाच्या चित्रांचो अभ्यास करता. इचारलंय कित्याक रे, पैसे तर गावतत, तर म्हणता बाबा ह्या असाच कित्याक चलता ता माका समजाक व्हया.

तेवा भाऊनु, चेडवाक नीट इचारा तिका काय समजाक व्हया. ता कळला की पुढचा आपोआप सुचात.

निवृत्त_मास्तर_दापोली

दर्यावयल्यांनी मुद्द्याला हात घातला. मी इतिहासच शिकवायचो, पस्तीस वर्षं, कॉलेजात. त्यामुळे मी बी.ए. ची बाजू घेणार असं वाटेल, म्हणून आधी त्याच्या विरोधातलं सांगतो.

माझ्या वर्गात शेवटच्या दहा वर्षांत साठातली पंधरा मुलं रोज यायची. बाकीची परीक्षेच्या आधी महिनाभर गाईड घेऊन बसायची आणि पासही व्हायची. असं बी.ए. करायचं असेल तर ते ना शिक्षण ना नोकरी, तीन वर्षांचा नुसता थांबा आहे. त्यापेक्षा ताईंचं नर्सिंग शंभर पटीने बरं. हे मी पोटतिडकीने सांगतोय कारण त्या पंचेचाळीस मुलांची तोंडं मला आठवतात, त्यातली बरीच आज मुंबईत सिक्युरिटीला आहेत आणि भेटली की अजून "सर" म्हणून वाकतात, मला ते बघवत नाही.

आता दुसरं. शिक्षण की नोकरी हा वाद आत्ताचा नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यात, म्हणजे इंग्रजांच्या शिक्षणविषयक आदेशपत्रात, ज्ञानप्रसाराची भाषा आहे आणि सरकारला भरवशाचे नोकर मिळावेत हेही स्वच्छ लिहिलंय. त्यातून १८५७ ला मुंबई विद्यापीठ झालं, आणि सुरुवातीला ते शिकवत नव्हतंच, फक्त परीक्षा घ्यायचं. म्हणजे आपल्याकडे डिग्रीचा जन्मच अर्धा नोकरीच्या पोटी झालाय, त्याची लाज बाळगायचं कारण नाही.

आमच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे घ्या. १८७५ साली भर पावसात कुंभार्ली घाट चढून, चालत, मुरुडहून साताऱ्याला गेले ते सहावीच्या परीक्षेला, जी पास झाली की सरकारी नोकरीची दारं उघडायची. तिथे साहेबाने बघितलं आणि हा सतराचा दिसत नाही म्हणून परत पाठवलं. घाट उतरून पुन्हा घरी. पुढच्या वर्षी कोल्हापूरहून परीक्षा दिली. मग मॅट्रिक, मग गणित घेऊन बी.ए., मग फर्ग्युसनला प्राध्यापकी, आणि १९१६ ला बायकांचं विद्यापीठ. निघाले ते नोकरीची परीक्षा द्यायला हे लक्षात घ्या. पोटासाठी शिकायला लागलेला माणूस शिकता शिकता कुठल्या कुठे जातो. आणि उलटही असतं, दापोलीत शिकलेले पां. वा. काणे, पोटासाठी हायकोर्टात वकिली आणि त्याच्या जोडीला धर्मशास्त्राच्या इतिहासावर आयुष्यभराचं काम, १९६३ ला भारतरत्न. त्यांनी कमाई आणि अभ्यास एका खुंटीला बांधले नाहीत.

बागायतदार, तुमच्या मुलीसाठी तीन-चार व्यवहाराच्या गोष्टी. एक म्हणजे मोडी लिपी शिकू दे. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसांसाठी किती धावाधाव झाली ते आठवा, आणि आपल्या कोकणात घरोघरी जमिनीचे जुने कागद मोडीत पडलेत. शिकायला फार वेळ लागत नाही, सराव लागतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वाचं एम.ए. आहे, तिथे सायन्सवाली मुलंही असतात कारण उत्खननात निघालेली हाडं, धान्य, माती यांचं काम सायन्सशिवाय होत नाही. तेव्हा तिने बी.एस्सी. करून मग तिकडे वळायचं असाही रस्ता आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, म्हणजे मुख्य विषयाबरोबर मायनर, म्हणजे जोडीचा विषय घेता येतो, आणि एका वर्षाने सर्टिफिकेट, दोनने डिप्लोमा, तीनने पदवी, चारने ऑनर्स अशी सोडायची सोय आहे, म्हणजे अडकून पडायची भीती पूर्वीपेक्षा कमी.

आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही राजापूरचे, सडा म्हणताय, मुलीला इतिहास हवाय, आणि चिरेखाणीचा पैसा नको म्हणते. त्या सड्यावर काय आहे ते तुम्ही बघितलंत का?

परत_गुहागर

मास्तरांनी अर्धं सांगितलं, उरलेलं माझ्यावरून सांगतो. मी इतिहासातच बी.ए. केलं, फर्स्ट क्लास. पुढे काय हे माहीत नव्हतं आणि सगळे म्हणायचे एमपीएससी दे, कुठलीही पदवी चालते. पुण्यात सदाशिव पेठेत पाच वर्षं अभ्यासिकेत काढली. सकाळी सातला जागा पकडायची, रात्री अकराला उठायचं, दुपारी मेस. प्रिलिम दोनदा निघाली, मेन्स नाही. कधी जाहिरातच लांबायची, कधी परीक्षा पुढे जायची, आणि दर वेळी वाटायचं एवढी एक देऊन बघू. बाबा दर महिन्याला आठ हजार पाठवायचे, ते आंब्याचे असायचे. ज्या वर्षी थ्रिप्स किडीने मोहोर करपला त्या वर्षी त्यांनी गाय विकून पाठवले आणि मला सांगितलं नाही, आईने नंतर सांगितलं.

आता गावी पतसंस्थेत आहे. वाईट चाललंय असं नाही.

माझी चूक इतिहास घेतला ही नव्हती. तीन वर्षांत एकदाही इतिहासाचं काम केलं नाही ही होती. एक कागद वाचला नाही, एक देऊळ मोजलं नाही, एका म्हाताऱ्या माणसाशी बसून बोललो नाही. नुसत्या नोट्स. डिग्री हातात आली तेव्हा मला करता काहीच येत नव्हतं, मग परीक्षा सोडून दुसरं सुचणार काय. तेव्हा ॲडमिशनच्या आधी कॉलेजात जाऊन या, आणि ऑफिसात नाही, डिपार्टमेंटला जा. विचारा की शिक्षक कायम आहेत का तासिका तत्त्वावर. तासिकावाले सर वाईट शिकवतात असं नाही, माझे सगळ्यात चांगले सर तासिकावालेच होते, पण त्यांना मधेच कमी केलं आणि अर्धा पेपर कोणी शिकवलाच नाही. ग्रंथालयात मुलांना कपाटापर्यंत जाऊ देतात का काउंटरवरून चिठ्ठी द्यायला लागते ते बघा. गेल्या वर्षी मुलांना फील्डला कुठे नेलं ते विचारा. आणि तिच्याशी आत्ताच ठरवा की बी.ए. नंतर स्पर्धा परीक्षा द्यायचीच झाली तर किती वर्षं. आकडा कागदावर लिहा. आमच्या घरात तो कोणी लिहिला नाही.

पांढरा_ॲप्रन

गुहागरवाले दादा, तुमचं वाचून गलबलून आलं. गायीचं वाचल्यावर फोन खाली ठेवला.

मास्तर, तुमचा मान राखून सांगते, कर्वे साताऱ्याहून परत आले तेव्हा त्यांना कोणी सांगितलं नाही की आता तुझं लग्नाचं वय झालं. मुलीच्या हातात तीन वर्षं असतात, फार तर चार. बी.ए. झाली आणि हातात काही नाही असं दिसलं की स्थळं यायला लागतात आणि मग आई-बापसुद्धा धीर धरत नाहीत. माझ्या बरोबरीच्या चार मैत्रिणी अशाच गेल्या, चौघी माझ्यापेक्षा हुशार. म्हणून मी नोकरी नोकरी करते. बागायतदार भाऊ शब्द देत असतील की पाच वर्षं हा विषय घरात निघणार नाही, तर मग शिकू दे तिला काय हवं ते, मी आडवी येणार नाही.

सड्यावरचा_बागायतदार

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढे लोक माझ्या घरच्या गोष्टीसाठी वेळ काढतील असं वाटलं नव्हतं. उत्तर द्यायला चार दिवस लागले कारण मधे लाईट नव्हती आणि जे झालं ते नीट लिहायचं होतं.

मालवणच्या भावाचं वाचलं आणि मास्तरांचा शेवटचा प्रश्न वाचला, आणि रविवारी मुलीला म्हटलं चल, मला दाखव काय आहे ते. ती एकदम बघतच राहिली. पाऊस थांबला होता. घरामागून वर चढलो, सडा नुकता हिरवा व्हायला लागलाय, कातळावर शेवाळ, पाय जपून टाकायला लागतो. त्या सड्यावर मी लहानपणापासून गुरं घेऊन जायचो. तिथे पांडवांनी काहीतरी खोदून ठेवलंय असं आजी सांगायची, आम्ही त्या खाचांत गोट्या खेळायचो. त्याहून जास्त मी कधी बघितलं नाही.

रात्रीच्या पावसाचं पाणी खाचांत साचलेलं होतं त्यामुळे रेषा आपोआप उठून दिसत होत्या. तिने मला एका जागी उभं केलं आणि म्हणाली इथून बघा. मासा. माझ्या दोन पावलांएवढा नाही, आडवा झोपलो तर माझ्याहून लांब, शेपटी, पर, सगळं. त्याच्या बाजूला गव्यासारखं जनावर, आणि एक अर्धवट माणूस, कमरेपासून खाली, पाय फक्त. तिने वही आणली होती, बारावीच्या अभ्यासातून वेळ काढून गेल्या दोन उन्हाळ्यांत केरसुणीने झाडून झाडून तिने अकरा आकृत्या मोजल्यात, दोरी लावून मापं घेतलीत, कुठल्या दिशेला तोंड तेही लिहिलंय. बारसूच्या कातळशिल्पांची, म्हणजे कातळात कोरलेल्या आकृत्यांची, आणि काशेळीच्या तशाच हत्तीची चित्रं कापून चिकटवलीत आणि खाली लिहिलंय आपल्यात आणि त्यांच्यात काय सारखं, काय वेगळं. तिने सांगितलं की कोकणातल्या कातळशिल्पांची नावं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यातली बरीच ठिकाणं आपल्याच राजापूर-रत्नागिरीतली, आणि ही शोधून काढणाऱ्या मंडळींत पुरातत्त्वाची डिग्री नसलेले, इंजिनिअर असलेले लोक पण आहेत, त्यांनी सुट्टीच्या दिवशी सडे पालथे घातले. मी म्हटलं मग तुला डिग्री कशाला पाहिजे, तर म्हणाली "त्यांनी शोधली बाबा, पण ही कधीची आणि कोणी काढली हे अजून पक्कं कोणाला सांगता येत नाही, ते मला शिकायचंय."

चिरेखाणवाल्याने जो तुकडा मागितलाय त्यातच हे सगळं येतं. मशीन लागलं तर चार दिवसांचं काम. त्याला त्याच संध्याकाळी फोन करून नाही सांगितलं. तो म्हणाला शेजारचा देतोय, मग शेजाऱ्याकडे जाऊन बसलो, त्याच्या बाजूलाही दोन आकृत्या निघाल्या. त्याचं अजून ठरत नाहीये, त्यालाही पैशाची गरज आहे, मी समजू शकतो.

आता ॲडमिशनचं. लोटेवाल्या सरांची पोस्ट तिने स्वतः वाचली, दोनदा, आणि म्हणाली सायन्स सोडायचं नाही असं वाटतंय, केमिस्ट्री-बॉटनी घेऊन बी.एस्सी. आणि मग डेक्कन कॉलेज. जमलं तर इतिहास मायनर, मिळतो का ते कॉलेजात विचारायचंय. तिची आई बी.एस्सी. म्हटल्यावर जरा शांत झाली. मी अजून पूर्ण शांत नाही हे खरं सांगतो. रात्री झोप लागत नाही, मोठ्याचा १९ हजाराचा पगार डोळ्यासमोर येतो. त्यालाही फोनवर सांगितलं, मला वाटलं तो म्हणेल माझ्यावर एवढा खर्च केलात आणि तिला बी.एस्सी. ला घालता, पण तो म्हणाला बाबा तिला जाऊ दे, मी महिन्याला दोन हजार देईन.

ताई, पाच वर्षांचा शब्द दिला. तिच्या आईसमोर दिला. आणि गुहागरच्या भावाने सांगितल्याप्रमाणे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून तारीख टाकली, खाली तिची सही, माझी सही. नर्सिंगची सीईटी पण तिने दिलेली आहे, तो रस्ता या महिनाअखेरपर्यंत उघडा ठेवायचा असं दोघांचं ठरलंय, दाखले काढून ठेवतोय.

सोमवारी सकाळच्या एसटीने दोघं रत्नागिरीला चाललोय. आधी केमिस्ट्रीच्या डिपार्टमेंटला, मग ग्रंथालयात, मग ऑफिसात. रत्नागिरीत मुलींसाठी चांगलं, कॉलेजपासून चालत जाण्यासारखं होस्टेल कोणाच्या माहितीत असेल तर सांगा, आणि जेवणाची काय सोय असते तेही.